वाई–सातारा–कास वाटेवर सीपीएल फिल्टर : आभाळासाठी नको, ओल्या दगडासाठी घ्या

सर्क्युलर पोलरायझर, म्हणजे बोलताना सगळे ज्याला सीपीएल म्हणतात ती लेन्सच्या तोंडावर बसणारी फिरती काच, विकली जाते निळ्या आभाळाच्या जोरावर. खोक्यावर शेजारी शेजारी दोन फोटो असतात : एकात फिकट आभाळ, दुसऱ्यात गडद निळं. एवढ्यासाठी तीन-चार हजार घालवायची गरज नाही, ते काम आता फोनवर बोट सरकवूनही होतं. पण हळदीच्या पानावरची, काळ्या दगडावरची, पाण्यावरची पांढरी चकाकी कुठल्याच ॲपला नीट काढता येत नाही. त्या चकाकीखालचा रंग फोटोत उतरलेलाच नसतो. सॉफ्टवेअर तो आणणार कुठून? या चकाकीचा प्रकाश बऱ्याचदा एकाच दिशेत कंप पावणारा, म्हणजे पोलराइझ झालेला असतो; सीपीएल तो लेन्सच्या बाहेरच अडवतो. त्याची खरी किंमत तिथे आहे, आणि ती जोखायला शरदातली वाई–मेणवली–धोम–लिंब–सातारा–कास ही वाट फार सोयीची. दोन दिवसांत दगड, नदी, विहीर, पान, फूल, धातू, धुकं, धबधबा, सगळं समोर येतं. काही ठिकाणी फिल्टर जीव ओततो, काही ठिकाणी सपशेल घात करतो.

शरद म्हणजे इथे काही लालभडक मेपलची पानं नव्हेत. पावसाने हवेतली धूळ बसवलेली, नद्या निवळत आलेल्या, भात पोटरीतून बाहेर पडून पिवळं व्हायला लागलेलं, माळावरच्या गवताच्या टोकांना सोनेरी छटा, आणि दुपारी अंग भाजणारं ऑक्टोबरचं ऊन. फुलांसाठी सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. सोनेरी गवतासाठी कोजागिरी ते दिवाळी. दोन्ही एका फेरीत पुरेपूर मिळत नाहीत.

इथे परीक्षण आहे ते ७७ मिमी व्यासाच्या, पितळी रिंगच्या, मल्टिकोटिंग (काचेवरून उजेड परतू न देणारे थर) असलेल्या मधल्या किमतीच्या फिल्टरचं. या वर्गातले फिल्टर एकमेकांपासून फार वेगळे नसतात. फरक पडतो तो रिंगच्या धातूने आणि काचेवरच्या कोटिंगने. ॲल्युमिनियमची रिंग हलकी आणि स्वस्त, पण लेन्सच्या आट्यांत अडकून बसण्याची खोड तिला जास्त. पितळी रिंग क्वचितच अडकते. कोटिंग नसलेल्या स्वस्त काचेवर तिरपं ऊन पडलं की फोटोवर दुधाळ पडदा येतो आणि पावसाचा थेंब पुसला तर तेलकट डाग पसरतो. अतिस्लिम रिंग मिरवायला बरी, पण काहींना पुढच्या बाजूला आटेच नसतात, म्हणजे लेन्सचं नेहमीचं झाकण बसत नाही. घेण्याआधी झाकण लावून बघा.

लेन्स दोन-तीन असतील तर सगळ्यात मोठ्या तोंडाच्या लेन्सच्या मापाचा एकच फिल्टर घ्यायचा आणि बाकीच्यांना स्टेप-अप रिंग, म्हणजे लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणाऱ्या जोडरिंगा, लावायच्या, उदाहरणार्थ ५८ ते ७७ किंवा ६७ ते ७७. त्याने पैसे वाचतात, पण त्या लहान लेन्सचा हूड (ऊन अडवणारी पुढची टोपी) मग बसत नाही, हे दुकानदार सहसा सांगत नाही.

दुकानात दोन मिनिटांत करता येणाऱ्या तीन तपासण्या आहेत. पहिली, आरशासमोर. फिल्टरची कॅमेऱ्याला लागणारी, आट्यांची बाजू आरशाकडे धरा आणि एक डोळा मिटून फिल्टरमधूनच आरशात बघा. आरशातला फिल्टर काळा दिसला पाहिजे. उलटा धरला की तोच पारदर्शक दिसतो. असं झालं नाही तर हातातला माल सर्क्युलर नाही. तो लिनियर (जुन्या, साध्या पद्धतीचा पोलरायझर) असेल किंवा नुसती रंगीत काच. लिनियर फिल्टर मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर बहुधा चालून जातो, आत आरसा असलेल्या डीएसएलआरच्या फोकसला आणि मीटरला मात्र गंडवतो. दुसरी, लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यासमोर. फिल्टरची पुढची बाजू पडद्याकडे करून रिंग हळूहळू फिरवा. एका कोनात पडदा जवळजवळ काळा व्हायला हवा. गडद जांभळा किंवा निळा राहिला तर आतली फिल्म हलक्या दर्जाची. तिसरी, पांढरा कागद. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याचं रंगाचं सेटिंग) डेलाइटवर पक्का ठेवून फिल्टरसह आणि फिल्टरविना एकेक फोटो. किंचित उबदार झाक चालते, हिरवट झाक परत करायच्या लायकीची.

बसवताना घाई नको. फिल्टर आधी उलट दिशेने पाव वळसा फिरवायचा, आटे जागेवर पडल्याचा बारीक ‘टक’ जाणवला की मग सुलट. आटे तिरके धरले तर ते लेन्सचे मरतात, फिल्टरचे नव्हे. आधीचा यूव्ही फिल्टर (लेन्सच्या रक्षणासाठी लावतात ती साधी काच) काढून मगच हा लावा. एकावर एक दोन फिल्टर चढवले की २४ मिमी फोकल लांबीच्या (हे तोंडाचं माप नव्हे) आणि त्याहून रुंद फ्रेममध्ये चारही कोपरे काळवंडतात.

वापरण्याचा क्रम असा : फ्रेम ठरवा, फोकस करा, मग रिंग फिरवा. जुन्या किट लेन्समध्ये (कॅमेऱ्यासोबतच मिळणाऱ्या) फोकस करताना पुढचं तोंडच फिरतं, त्यामुळे आधी रिंग लावून मग फोकस केला तर केलेलं सगळं पाण्यात. रिंग नेहमी घट्ट होण्याच्या दिशेनेच फिरवायची. समोरून पाहिलं तर ती घड्याळाची दिशा, पण कॅमेऱ्यामागे उभं राहिल्यावर तीच उलटी होते. इथे गोंधळ झाला की फिल्टर हळूहळू सैल होत जातो आणि एखाद्या घाटाच्या पायरीवर खणकन आवाज येतो. आणि सगळ्यात जास्त होणारी चूक : आडवा कॅमेरा उभा केला की फिल्टर ९० अंशांनी फिरलेला असतो. आडव्या फ्रेममध्ये जमवलेली चकाकी उभ्या फ्रेममध्ये जशीच्या तशी परत येते. दर वेळी रिंग पुन्हा लावावी लागते, त्याला इलाज नाही.

फिल्टर साधारण दीड स्टॉप उजेड खातो, काही दोन स्टॉपपर्यंत; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा होणं. स्वच्छ उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ ८ (लेन्सच्या छिद्राचं माप) ला शटर सुमारे १/४०० सेकंद मिळतं. फिल्टर लावला की ते १/१४० च्या आसपास घसरतं. उभ्या देवळाला काही फरक पडत नाही. वाऱ्यावर डोलणाऱ्या फुलाला पडतो. त्याकडे कासला येऊ.

पुण्याहून खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्याला वळलं की वाई. पुण्यापासून साधारण ९० किमी. पहाटे निघून सातच्या आत वाईत पोचणं हा सगळ्या दिवसाचा पाया आहे, कारण ऑक्टोबरात साडेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो आणि साडेनवानंतर उन्हाला धार चढते. गाडीत एसी चालू असेल तर पोहोचण्याआधी दहा-पंधरा मिनिटं बंद करून काचा उघडा. थंड फिल्टर नदीकाठच्या दमट हवेत आला की त्याच्यावर दव धरतं, आणि फिल्टर व लेन्स यांच्या मधल्या पोकळीत धरलेलं दव पुसताच येत नाही. ते आपोआप उडेपर्यंत सकाळचा उजेड निघून जातो.

वाटेत चालत्या गाडीच्या बाजूच्या काचेतून फोटो काढायचा मोह होतो. सीपीएल लावून काढलात तर काचेवर इंद्रधनुषी ठिपके आणि पट्टे उमटतील. बाजूच्या काचा तापवून एकदम थंड केलेल्या असतात. त्या ताणाची नक्षी साध्या डोळ्याला दिसत नाही, पोलरायझर ती उघडी पाडतो. फिल्टर काढा, नाहीतर गाडी थांबवून खाली उतरा. दुसरं बरं.

वाईच्या आसपास हळदीची शेतं या दिवसांत छातीभर उंच असतात. फिल्टरचा गुण एका फोटोत पटवायचा असेल तर इथे थांबा. सकाळच्या उन्हात हळदीचं रुंद पान अर्धं पांढरं दिसतं, मधली शीर तेवढी हिरवी. रिंग फिरवत जा : आधी पानाच्या कडेची सफेदी विरते, मग मधली, आणि एका क्षणी पन्हाळीसारखं वळलेलं अख्खं पान शिरांसकट गडद हिरवं होऊन समोर येतं. आणखी थोडं फिरवलं की चकाकी परत चढायला लागते. सगळी चकाकी जाते त्या टोकापासून किंचित मागे थांबा. थोडी चमक राहिली तर पान जिवंत दिसतं. अगदी शून्य केली की कागदी.

ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ चं, गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलेलं. पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती केली आहे. घाटावरून ती भिंत, पायऱ्या आणि पाणी एका फ्रेममध्ये घेताना फिल्टर अर्धाच फिरवा. ओल्या पायऱ्यांची चकाकी जाते आणि दगडाचा काळा-तपकिरी पोत येतो. शेजारी काशीविश्वेश्वराच्या देवळात काळ्या दगडाचा गुळगुळीत नंदी आहे, आणि इथे मात्र सावध. गुळगुळीत काळ्या दगडाचं रूप त्याच्यावरच्या उजेडाच्या रेषांतूनच कळतं. गळ्यातल्या घुंगरमाळा, पाठीवरची झूल, वशिंडाची गोलाई, सगळं त्या चमकेत आहे. सीपीएल पूर्ण फिरवला की नंदी कोळशाचा ढीग होतो. नंदीसाठी फिल्टर उतरवा आणि एका बाजूने येणारा उजेड धरा.

मेणवली वाईपासून तीनेक किमी. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागे कृष्णेचा घाट, मेणेश्वराचं देऊळ आणि ती प्रसिद्ध घंटा. १७३९ च्या वसईच्या मोहिमेत पोर्तुगिजांकडून मिळालेल्या घंटांपैकी ही एक. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूसह मेरीची आकृती आहे. घंटेवर फिल्टर फिरवून काही होणार नाही. उघड्या धातूवरून उसळलेला प्रकाश पोलराइझ होत नाही, त्यामुळे फिल्टरला अडवायला काही सापडत नाही. उगीच दीड स्टॉप उजेड मात्र जातो, आणि घंटा सावलीत टांगलेली आहे. आकृती उठून दिसायला हवी असेल तर कॅमेरा थोडा सरकवून तिरपा उजेड शोधायचा, दुसरा उपाय नाही.

घाटावर फिल्टरची खरी परीक्षा. पाण्यावरची चकाकी सगळ्यात जास्त कापली जाते ती विशिष्ट कोनात : कॅमेरा आडव्या रेषेपासून साधारण ३७ अंश खाली वाकलेला असताना. हिशेब सोपा आहे. कॅमेरा पाण्याच्या पातळीपासून दीड मीटर वर असेल तर दोन मीटर पुढचं पाणी आरपार दिसेल. चार-पाच पायऱ्या वर गेलात आणि कॅमेरा तीन मीटरवर आला, तर चार मीटर पुढचं. पाणी निवळलेलं असेल तर बुडालेल्या पायऱ्या, त्यांच्यावरचं हिरवं शेवाळ, कडेचे गोटे फ्रेममध्ये येतात. पलीकडच्या दूरच्या पाण्यावर मात्र फारसा परिणाम होत नाही, कारण तिकडे आपण अगदी उथळ कोनातून पाहतो.

आता पंचाईत अशी की मेणवलीच्या घाटाचं चित्र म्हणजे बऱ्याचदा पाण्यातलं देवळाचं प्रतिबिंब. तेही शेवटी चकाकीच. फिल्टर पूर्ण फिरवला तर प्रतिबिंबाचा जवळचा भाग नाहीसा होतो आणि दूरचा राहतो. देऊळ पाण्यात अर्धवट कापलेलं दिसतं. म्हणून इथे दोन वेगळे फोटो काढायचे. पायऱ्यांचा, वरून, फिल्टर पुरता फिरवून. प्रतिबिंबाचा, पाण्यालगत बसून, फिल्टर बाजूला ठेवून किंवा ९० अंश उलट फिरवून. उलट फिरवल्यावर प्रतिबिंब उलट जरा ठळकच होतं, हा फिल्टरचा कमी वापरला जाणारा गुण. दोन्ही एका फोटोत कोंबायला गेलं की दोन्ही जातात.

धोमला लक्ष्मीनृसिंह आणि महादेवाची देवळं. महादेवापुढचा नंदी कासवाच्या पाठीवर बसला आहे आणि कासव कमळाच्या आकाराच्या कुंडात. कुंडात पाणी असेल तर फिल्टरने पाण्यावरचं पांढरं आभाळ काढा. कुंडाच्या दगडी पाकळ्या पाण्याखालून वर येतात आणि कासव तरंगल्यासारखं वाटतं. कुंड लहान असल्याने कोन पायाने साधावा लागतो. एक पाऊल मागे-पुढे झालं की फरक दिसतो. कोरडं असेल तर फिल्टर पिशवीतच राहू द्या.

दुपारी वाईहून पाचवडमार्गे महामार्गाला लागून लिंब फाट्याला वळायचं. बारा मोटांची विहीर शाहू महाराजांच्या काळातली, शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४. अष्टकोनी, वरून पाहिली तर शिवलिंगाच्या आकाराची, मोटांच्या थारोळ्यांखाली (मोट रिकामी होते त्या जागांखाली) दगडी महाल. फिल्टरच्या भरवशावर इथे येणाऱ्यांची निराशा होते, आणि त्याचं कारण भूमितीत आहे. विहिरीत डोकावताना आपण जवळजवळ सरळ खाली बघतो, आणि सरळ खाली बघताना पाण्यावरची चकाकी पोलराइझ झालेली नसते. रिंग कितीही फिरवा, पाण्यातलं आभाळाचं वर्तुळ जागचं हलत नाही. त्यात आत उजेड कमी. जिन्याच्या तोंडाशीच फिल्टर काढून ठेवा. इथे ब्रॅकेटिंग उपयोगी : एक फोटो मीटर सांगेल तसा, एक दोन स्टॉप कमी, एक दोन स्टॉप जास्त, तिन्ही जोडून घ्यायचे. जिन्याच्या पायऱ्या झिजलेल्या आहेत. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून मागे सरकू नका.

संध्याकाळी संगम माहुली. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर मावळतीच्या उजेडात दगड लालसर होतो. सूर्य फ्रेममध्ये किंवा फ्रेमच्या अगदी जवळ असेल तर सीपीएलचा उपयोग शून्य, आणि एक जादा काच पुढे असल्याने भुताटकीसारखे हिरवे ठिपके फोटोवर पडतात.

आभाळाबद्दलही एकदा बोलून टाकू. फिल्टर आभाळ गडद करतो ते सूर्यापासून ९० अंशांवरच्या पट्ट्यातच. तर्जनी आणि अंगठा काटकोनात पसरा, सूर्याकडे न बघता तर्जनी त्याच्या दिशेला धरा आणि मनगट फिरवा. अंगठा जिथून जिथून फिरतो तो हा पट्टा. सकाळी-संध्याकाळी तो उत्तर-दक्षिण जातो, दुपारी खाली क्षितिजाकडे उतरतो. म्हणून सकाळी अजिंक्यताऱ्यावरून उत्तरेकडे बघताना आभाळ शाईसारखं होतं आणि पश्चिमेकडे यवतेश्वराच्या बाजूला वळलं की फिल्टर लावलाय की नाही कळत नाही. रुंद लेन्सची गोची इथेच आहे. फुलफ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर १६ मिमीला कडेपासून कडेपर्यंत जवळजवळ ९७ अंश दिसतात, त्यामुळे आभाळाच्या मधोमध काळानिळा डाग आणि दोन्ही बाजू फिक्या. तो डाग नंतर काढणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं. आभाळ असेल तर ३५ मिमीहून रुंद जाऊ नका, आणि पॅनोरमासाठी फिल्टर उतरवाच. जोडलेल्या फ्रेम पायऱ्या-पायऱ्यांनी फिक्या-गडद होत जातात.

दुसरा दिवस कासचा. साताऱ्याहून यवतेश्वर घाटाने साधारण २५ किमी. पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत २०१२ साली समाविष्ट झालेलं हे पठार. हंगामात आधी ऑनलाइन नोंदणी करून जायचं, शनिवार-रविवार टाळता आले तर उत्तम. जांभ्याच्या कातळावर बोटभर माती, आणि तिच्यावर हे सगळं वैभव. आखलेल्या वाटेबाहेर एक पाऊल म्हणजे पुढच्या वर्षीची फुलं पायाखाली.

इथे फिल्टर सरसकट लावून हिंडणारे बरेच दिसतात. फुलागणिक निर्णय वेगळा. गेंदाच्या पांढऱ्या गोंड्यांना चमकच नाही, फिल्टर वाया. सीतेची आसवं ओलसर जागी, बोटभर उंचीवर उगवतात आणि त्यांच्या मागे कातळावर साचलेल्या पाण्याचा पापुद्रा चकाकत असतो. तिथे सीपीएलसारखं दुसरं काही नाही. मागची पांढरी चकाकी गेली की ते नखाएवढं निळं-जांभळं फूल गडद पार्श्वभूमीवर सुटं उभं राहतं. तेरड्याच्या गुलाबी ताटव्यात फुलांपेक्षा पानांची चमक जाते आणि गुलाबी रंग वर येतो. सोनकी आणि मिकी माऊस म्हणतात त्या पिवळ्या फुलांना फिल्टरने रंग इतका भरतो की पिवळ्यातले बारकावे बुजतात. एक्स्पोजर एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप खाली ठेवा आणि कॅमेऱ्यातला ‘व्हिव्हिड’ प्रकार बंद करा. फिल्टर आणि व्हिव्हिड एकत्र म्हणजे जिलेबीवर पाक ओतणं.

वारा इथे पडत नाही. फूल गोठवायला निदान १/५०० शटर हवं. वर दिलेल्या हिशेबात एफ ८ ला फिल्टरसह १/१४० मिळत होतं. आयएसओ ४०० केला की १/५०० सुखाने मिळतं. ढग आले तर १६०० पर्यंत जावं लागेल. मग विचार करा : पानांची चकाकी जास्त नको आहे की फोटोतले दाणे? ढगाळ हवेतही ओल्या पानांवर फिल्टर काम करतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. धुक्यात मात्र काढून ठेवा. धुकं तो कापत नाही, नुसता उजेड खातो, आणि काचेवर तुषार धरतात ते वेगळंच.

फोनवाल्यांसाठी क्लिपवर बसणारे सीपीएल मिळतात. काम करतात, पण एका वेळी एकाच लेन्सपुढे. फुलाच्या जवळ गेलं की बरेच फोन स्वतःहून मॅक्रोसाठी दुसरी लेन्स चालू करतात, आणि फिल्टर पहिल्या लेन्सवर बसलेला राहतो. सेटिंगमध्ये आपोआप मॅक्रो बंद करा. काहीच नसेल तर पोलराइझ्ड गॉगलची काच लेन्सला चिकटवून धरली तरी कुतूहलापुरतं काम होतं.

कासवरून पुढे बामणोलीला उतरताना शिवसागर जलाशयाचं पाणी दिसायला लागतं आणि समोर वासोट्याच्या बाजूच्या रांगा. दुपारी त्या रांगांवर निळसर झाक असते. सूर्य बाजूला असेल तर फिल्टर ती बरीच पुसतो आणि झाडी वेगळी दिसते. हाच फिल्टर संध्याकाळी त्याच रांगांवर लावला तर चित्राचं वाटोळं होतं. एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या निळ्या रांगा म्हणजे ती झाकच. कुठली हवी आहे ते आधी ठरवा.

देखभालीचं थोडं. जांभ्याची लाल धूळ रिंगच्या फटीत शिरली की फिरताना करकर करते. ब्लोअरने उडवा, ब्रश फिरवा, तेल घालू नका. नळाखाली धुवू नका, पाणी दोन काचांमधल्या फिल्मपर्यंत जातं. ऑक्टोबरच्या उन्हात डॅशबोर्डवर ठेवलेला फिल्टर म्हणजे तव्यावरची पोळी : फिल्म कडेने सुटायला लागते आणि कडेला इंद्रधनुषी वलय दिसतं. फिल्टर अडकला तर चिमटीत आवळू नका; आवळल्याने रिंग अंडाकृती होते आणि आणखी घट्ट बसते. लेन्स उलटी करून फिल्टर रबरी चपलेच्या तळव्यावर सपाट टेकवा, सगळीकडे सारखा हलका दाब देऊन फिरवा. दहात नऊ वेळा सुटतो.

गुण द्यायचे तर पाचपैकी चार. कापलेला एक गुण हूडसाठी. हूड लावला की रिंगपर्यंत बोट पोहोचत नाही, हूड काढला की ऊन काचेवर. काही हूडना खाली सरकती खिडकी असते, ती असेल तर भाग्य. या वाटेवर फिल्टर दिवसातून वीस वेळा काढावा-घालावा लागतो, त्यामुळे पैसे थोडे जास्त गेले तरी चुंबकाने बसणारा प्रकार सोयीचा. फक्त फिरवताना हूडला घासून निसटू शकतो, तेव्हा हात खाली धरा. फक्त फोनवर आणि फक्त माणसांचे फोटो काढणाऱ्यांनी घेऊ नये. त्वचेवरची सगळी चमक गेली की चेहरा मातीचा दिसतो.

परतीच्या दिवशी वेळ उरला तर साताऱ्याहून सज्जनगडाच्या रस्त्याने ठोसेघरला जा. पाऊस सरला तरी धबधब्याला या दिवसांत पाणी असतं. ऊन तुमच्या पाठीशी आणि समोर तुषार असतील तर त्यात इंद्रधनुष्याचा तुकडा उमटतो. कॅमेरा रोखा आणि रिंग सावकाश फिरवा. एका जागी रंग भडक होतात, ओला कडा त्यांच्या मागे काळा पडतो. तिथून ९० अंश पुढे गेलात की इंद्रधनुष्य पुसलं जातं, समोर नुसतं पांढरं पाणी कोसळत राहतं. शेजारी उभ्या माणसाला ते साध्या डोळ्यांनी दिसतच असतं, आणि ‘काढला का?’ म्हणून तो विचारतो तेव्हा तुमच्या फोटोत ते नसतं. रिंग मागे फिरवा.